टीबीच्या गोळ्यांनी न उतरणारा ताप

इंफाळ,
१४ जुलै

प्रिय मिलिंद,

तू पाठवलेले पेशंटचे फोटो मोठे करून बघितले आणि लगेच लिहायला घेतलं. कपाळावर आणि नाकाशेजारी उठलेल्या पुटकुळ्या, प्रत्येकीच्या मधोमध खळगा, काही खळग्यांत काळपट खपली. तू मोलस्कम, म्हणजे विषाणूच्या साध्या पुटकुळ्या म्हणतोस. असेलही. पण एचआयव्ही, सीडी-४ (प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) फक्त ३८, महिनाभर ताप, लिव्हर-स्प्लीन वाढलेले, हिमोग्लोबिन उतरलेलं आणि वर हा माणूस चार वर्षं मणिपुरात नोकरीला होता! हे सगळं एकत्र आलं की इथे आम्ही आधी टॅलरोमायकोसिस हा बुरशीचा आजार धरून चालतो.

तो करणाऱ्या बुरशीचं नाव कॉलेजात पेनिसिलियम मार्नेफाय होतं. १९५६ साली व्हिएतनाममध्ये एका बांबू-उंदरात सापडलेली ही बुरशी दक्षिण चीन, थायलंडपासून आपल्या ईशान्येपर्यंत पसरलेली आहे. मणिपूरचे पहिले पेशंट १९९९ मध्ये जगापुढे आले. बांबू-उंदरात ती इथेही सापडलीय, पण माणसाला उंदरापासून होते असं सिद्ध झालेलं नाही. बहुधा मातीतून, श्वासावाटे जाते. पावसाळ्यात केसेस वाढतात. शरीरात ती वर्षानुवर्षं दबून राहू शकते, म्हणून तो माणूस इथून कधीच परतला असला तरी ही शंका सोडू नकोस.

एका पुटकुळीचा वरचा भाग काढून काचेवर ठशासारखा दाब, वाळव आणि जिम्सा रंग दे. पेशींच्या आत लंबगोल यीस्ट, म्हणजे बुरशीच्या सुट्या पेशी दिसतील. त्यांतल्या काहींच्या मध्ये आडवी रेघ दिसते का, ते नीट बघ. तशीच दिसणारी दुसरी बुरशी, हिस्टोप्लाझ्मा, कोंब फुटून वाढते, मार्नेफायची पेशी मधोमध चिरून दोन होतात. उरलेला तुकडा आणि रक्त कल्चरला लाव. पंचवीस डिग्रीला बुरशी उगवली की कुंकू सांडावं तसा लाल रंग माध्यमात उतरत जातो. सदतिसाला तीच यीस्ट होते, रंग नाही.

माझा जीव तुटतो तो टीबीच्या फाइलींपायी. ताप, वजन घटणं, गाठी, सगळं टीबीसारखंच. मग थुंकीत काही नसलं तरी गोळ्या सुरू होतात आणि उतार पडेना तर त्याच चालू राहतात. विशी-पंचविशीतली पोरं अशी शेवटच्या टप्प्यात येतात आणि त्यांच्या आया आम्हाला विचारतात, औषध तर रोज घेत होता, मग असं कसं झालं? हल्ली एचआयव्ही निघाला की लगेच एआरटी (एचआयव्हीची औषधं) मिळते, हे फार चांगलं झालं. पण त्यात सीडी-४ बघायची सवय मोडत चाललीय आणि हे आजार खालच्या सीडी-४ वरच गाठतात.

तुझ्या पेशंटला टीबीचं रिफॅम्पिसिन चालू आहे ना? मग नुसत्या इट्राकोनॅझोलवर, बुरशीच्या या गोळ्यांवर विसंबू नकोस. रिफॅम्पिसिन त्याची रक्तातली पातळी पार खाली आणतं. तसंही सुरुवात शिरेतून द्यायच्या अँफोटेरिसिननेच करायची. व्हिएतनाममध्ये ४४० पेशंटवर चाचणी झाली, २०१७ साली निकाल आले: २४ आठवड्यांत अँफोटेरिसिन गटात ११ टक्के दगावले, इट्राकोनॅझोल गटात २१. दोन आठवडे अँफोटेरिसिन, मग इट्राकोनॅझोल. म्युकरच्या, काळ्या बुरशीच्या दिवसांत तू हे औषध भरपूर वापरलंस, पण तुमच्याकडे साधं, लायपोसोमल नसलेलं असेल तर सिस्टरना बजावून सांग: ते फक्त पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाइनमध्ये घातलं तर साका बसतो. सलाइनची बाटली त्याआधी वेगळी दे, किडनीसाठी. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघत राहा.

आणि डोकं दुखतं का, हे त्याला विचारलंस का? नसेल तरी क्रिप्टोकॉकस या मेंदूत शिरणाऱ्या बुरशीच्या अँटिजेनची पट्टी (रक्ताची झटपट चाचणी) करून घे, दहा मिनिटांत कळतं. पॉझिटिव्ह आली तर पाठीतलं पाणी काढून बघावंच लागेल. एआरटी त्याआधी घाईने देऊ नकोस: मेंदूत क्रिप्टोकॉकस निघाला तर चार ते सहा आठवडे थांबायचं, नुसतं टॅलरोमायकोसिस असेल तर फंगसचं औषध लागू पडल्यावर आठवड्याभरात देता येते.

काच तयार झाली की मायक्रोस्कोपवर मोबाइल धरून फोटो काढ आणि पाठव. पहिल्या फोटोत रेघ नाही दिसली तर चार-पाच जागांचे काढ. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश