राडारोड्याचा चुरा आणि गटारातले स्फुरद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि गावोगावचे सांडपाणी यांच्यावर चर्चा होते ती वेगवेगळी. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, मला हे दोन्ही प्रश्न स्फुरदापाशी एकत्र आलेले दिसतात.

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पिकाला त्याच्याऐवजी दुसरे काही देऊन भागत नाही. खतासाठी ते फॉस्फेट खडकातून काढतात, आणि त्या खडकाचा जगातला सुमारे ७० टक्के ज्ञात साठा मोरोक्को व पश्चिम सहारा एवढ्याच पट्ट्यात आहे. इतक्या मोलाची वस्तू शेतातून ताटात येते आणि ताटातून गटारात जाते. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो स्फुरद बाहेर पडते. मुळात हे मूलद्रव्य सापडले तेच मूत्रात, १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला! तळ्यात गेले की मात्र त्यावर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

शुद्धीकरण केंद्रात लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार घालून स्फुरद तळाशी बसवतात. पाणी सुधारते, पण लोहाने धरून ठेवलेले स्फुरद पिकाला सहज मिळत नाही. कॅल्शियमशी जुळलेले स्फुरद हे मात्र खाणीतल्या खडकाचेच जवळचे नातेवाईक. आणि हे कॅल्शियम आपण रोज फेकतो आहोत. जुने काँक्रीट दळून खडी काढून घेतली की सिमेंटचा बारीक चुरा उरतो. नव्या काँक्रीटमध्ये तो फार पाणी पितो, म्हणून कुणाला नको असतो. सिमेंट घट्ट होताना तयार झालेला चुना याच चुऱ्यात असतो. चुरा सांडपाण्यात घातला की हा चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होते आणि फॉस्फेट, म्हणजे पाण्यात विरघळलेले स्फुरद, कॅल्शियमला धरून चुऱ्याच्या कणांवर जमते. मग तोच चुरा खत म्हणून शेतात नेता येतो. वजनाला हलक्या, सच्छिद्र ब्लॉकचे तुकडेही हे काम करतात.

यात अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. चुरा उघड्यावर पडून राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातल्या चुन्याचा चुनखडक होतो आणि त्याचा जोर जातो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू खाली आणावा लागतो. सिमेंटमधला क्रोमियम आणि इतर जड धातू तपासल्याशिवाय हा चुरा शेतात जाता कामा नये. आम्लधर्मी जमिनीला तो मानवेल, चुनखडीच्या जमिनीत त्यातले स्फुरद पिकाला फारसे मिळणार नाही. म्हणून सुरुवात शुद्धीकरण केंद्रात तळाशी बसलेला गाळ पिळून निघणाऱ्या पाण्यापासून व्हावी. त्यात स्फुरद दाट असते आणि पाणी थोडे असते.

जर्मनीने २०१७ च्या नियमाने मोठ्या केंद्रांवर २०२९ पासून गाळातले स्फुरद परत मिळवण्याचे बंधन घातले आहे. असे बंधन सगळीकडे यायला हवे. पण त्याआधी, आजच करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे पाडकामाच्या निविदेत एक अट घालणे: काँक्रीट हे जिप्सम, रंगवलेले लाकूड आणि ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांपासून जागेवरच वेगळे काढावे, आणि दळल्यानंतरचा चुरा झाकून ठेवावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका