हायड्रोजन पाठवायचा की तिथेच वापरायचा?

चोंढी, ता. अलिबाग

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे हॅम्बुर्गमध्ये सगळे हायड्रोजनला उद्याचं तेल म्हणतात." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. पुढच्या महिन्यात तू हायड्रोजनच्या अभ्यासासाठी आफ्रिकेतल्या नामिबियात ल्युडेरिट्झ बंदराला जाणार आहेस. त्याआधी मनातलं सगळं सांगायचं होतं आणि फोनवर ते होत नाही.

माझी सव्वीस वर्षं थळच्या खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. हायड्रोजन आम्ही रोज बनवायचो आणि रोज संपवायचो. नैसर्गिक वायू आणि वाफ यांतून तो काढायचा, हवेतल्या नायट्रोजनशी जोडून अमोनिया करायचा, पुढे युरिया. अमोनियाची गळती शोधायला गंधकाची पेटती कांडी सांध्याजवळ न्यायची. पांढरा धूर उठला की जागा सापडली. हायड्रोजन पेटला तर त्याची ज्योत उन्हात दिसतच नाही. जुने ऑपरेटर लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे. झाडूचं टोक पेटलं की जागच्या जागी थांबायचं.

जगात वर्षाला साधारण 10 कोटी टन हायड्रोजन लागतो. त्यातला बहुतेक सगळा आजही गॅस आणि कोळशातून येतो, आणि गॅसपासून 1 किलो काढला की 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा माल खपतो रिफायनऱ्यांत, खतात, मिथेनॉलमध्ये. म्हणून हायड्रोजनच्या गाड्यांची चित्रं पाहिली की मला वाईट वाटतं. आधी ह्या जुन्या गिऱ्हाइकांना स्वच्छ हायड्रोजन द्या ना! आणि पोलादाला द्या, तिथे कोळशाला दुसरा पर्याय फारसा नाही.

तेलाची उपमा मला पटत नाही, त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. विजेने पाणी फोडून 1 किलो हायड्रोजन काढायला सुमारे 55 युनिट वीज जाते आणि हातात उरते 33 युनिटांची ऊर्जा. जहाजात भरायचा तर तो उणे 253 अंशांपर्यंत थंड करा, नाहीतर त्याचा अमोनिया करा आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा फोडा. दर पायरीला वीज खर्च. ज्याला अमोनियाच हवा आहे त्याने तो जरूर मागवावा. पण पुन्हा हायड्रोजन करण्यासाठी मागवणं म्हणजे दळलेल्या पिठाचे परत गहू करायला बसणं.

जर्मनीची घाई मला समजते. 2021 मध्ये त्यांचा निम्म्याहून जास्त आयात गॅस रशियाकडून यायचा. युक्रेनवर हल्ला झाला आणि मे 2022 मध्ये युरोपीय संघाच्या आयोगाने योजना मांडली, 2030 पर्यंत 1 कोटी टन हरित हायड्रोजन (ऊन-वाऱ्यासारख्या स्वच्छ विजेने पाणी फोडून काढलेला) घरी बनवायचा आणि 1 कोटी टन बाहेरून आणायचा. पण दुसऱ्यावरचं अवलंबणं त्याने कुठे सुटतं? इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडायची यंत्रं, बनवण्याची निम्म्याहून जास्त क्षमता चीनकडे आहे. त्यातल्या पीईएम नावाच्या प्रकाराला इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो, तो बहुतेक सगळा दक्षिण आफ्रिकेतून येतो. 'हरित' कशाला म्हणायचं हेही विकत घेणाराच ठरवू पाहतो. भारताने 2023 मध्ये स्वतःची व्याख्या केली, किलोमागे जास्तीत जास्त 2 किलो कार्बन डायऑक्साइड, हे मला फार बरं वाटलं.

नांगलचं तुला कधी सांगितलं होतं का? 1960 च्या दशकात पंजाबात भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचे, त्याचा अमोनिया आणि त्याचं नायट्रेट खत. पुढे तो कारखाना इंधन तेलावर गेला. युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आम्हाला थळला नैसर्गिक वायूतूनच आयता मिळायचा. नुसता हरित अमोनिया आणून युरिया होत नाही. नायट्रेट, डीएपी ही खतं होतात. तुझ्या प्रबंधात ही गोष्ट विसरू नकोस.

आता ल्युडेरिट्झ. तिथल्या हायफेन नावाच्या हरित हायड्रोजन प्रकल्पाला त्साउ खाएब राष्ट्रीय उद्यानातली सुमारे 4,000 चौरस किलोमीटर जमीन देऊ केली आहे. ऊन आणि वारा तिथे भरपूर, गोडं पाणी नाही; समुद्राचं पाणी गोडं करूनच सगळं चालणार. बंदराला लागून शार्क आयलंड आहे. 1905 ते 1907 ह्या काळात तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या जर्मनांच्या सैन्याने तिथल्याच नामा आणि हेरेरो जमातींच्या माणसांना तिथे छावणीत कोंडलं आणि हजारो मेले. त्याच किनाऱ्यावरून आता जर्मनीला इंधन न्यायचं म्हणतात. नामांच्या वंशजांचा बंदर वाढवण्याला विरोध आहे. तू त्यांना भेटल्याशिवाय परत येऊ नकोस.

माझ्या मामाची भातशेती एका प्रकल्पात गेली तेव्हा मी नववीत होते. मोजणीवाले आले, तर आजीने त्यांना ताक दिलं आणि एकच विचारलं, "इथं बनणार ते इथं राहणार काय?" कुणीच काही बोललं नाही. नामिबियातच अरांडिसजवळ 2025 पासून हरित हायड्रोजन वापरून लोहखनिजाचं लोखंड करायला लागले आहेत. जहाजात हायड्रोजनऐवजी लोखंड चढलं तर काम आणि पैसा दोन्ही थोडे तरी तिथे राहतात. जमलं तर तोही कारखाना बघून ये, आणि कामगार कुठल्या गावचे आहेत ते विचार.

वारा फार असतो म्हणे तिकडे. कानाला बांधायला माझी जुनी मफलर पार्सलात घातली आहे, कुळथाच्या पिठाखाली बघ.

तुझी,
आई