हातभर अंतरावरून

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, हल्ली रंगवायला बसलं की पोटात गोळा येतो." ते वाक्य मनातून जात नाही. परदेशात अभ्यासाचा ताण येणार, हे आम्ही दोघांनीही धरलं होतं. पण छोटे सैनिक रंगवायच्या ज्या छंदाने तो ताण उतरायचा, त्याचाच ताण यावा हे मला बघवत नाही. देवीच्या मूर्ती गेल्या, कारखान्यात आता आवराआवर तेवढी उरली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तू राहतेस त्या नॉटिंगहॅमलाच वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळाची मिनिएचर, म्हणजे छोटे पुतळे, बनवणाऱ्या कंपनीचं मुख्य ठिकाण आहे. तिथल्या काचेमागचे सैनिक बघून आलीस आणि त्यानंतरच तुझं हे सुरू झालं, असं मला वाटतं. ते काम थोर आहे, यात शंका नाही. तू पाठवलेले गोल्डन डेमन या मिनिएचर रंगवायच्या स्पर्धेचे फोटो मी पुन्हापुन्हा बघतो. १९८७ पासून ती स्पर्धा चालू आहे आणि तिथे उतरणारी माणसं एकेका सैनिकावर आठवडे, कधी महिने घालवतात. तो एक सैनिक त्यांनी काचेमागे ठेवायलाच रंगवलेला असतो. तुझे सैनिक टेबलावर खेळायचे, हातात घ्यायचे, मैत्रिणीला दाखवायचे. दोन्ही कामं चांगलीच आहेत, पण दोन्हींना एकच माप लावलंस तर तुला आपलं प्रत्येक काम अपुरंच दिसणार. यापुढे डबी उघडण्याआधी ठरव, हा सैनिक कशासाठी आहे. खेळायचा असेल तर तो हातभर अंतरावरून चांगला दिसला की झाला. तू फोनमध्ये मोठा करून बघतेस, तिथे ३० मिलिमीटरचा पुतळा वीतभर होतो, आणि वीतभर पुतळ्यावर जो फराटा दिसतो तो टेबलावर कुणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. त्या एकाच सरदाराचा रंग तू अल्कोहोलमध्ये बुडवून पुन्हापुन्हा काढतेस. पेणच्या कारखान्यांत कुठलाही पोरगा कसा शिकतो ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. आधी पांढरा हात मारायचा, मग अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, पुढे दागिने. आखणीला, म्हणजे डोळे रेखायला, तर काही वर्षं हात लावू देत नाहीत. पण यात कुणी एकच मूर्ती धुऊन धुऊन शिकलेला मी पाहिला नाही. एक पुरी झाली की पुढची समोर येते, आणि मागच्या मूर्तीवर जे जमलं नाही ते पुढच्या मूर्तीवर जमतं. तू अर्ध्यावर रंग काढतेस तेव्हा तुझ्या हाताला फक्त सुरुवातीचाच सराव होतो. खालचा रंग आणि पहिली छाया तुला आता झोपेतही येईल. पण कडांवरचा उजेड, पट्ट्यांची बक्कलं, पायाखालची माती, शेवटचं वॉर्निश, हे शेवटचे टप्पे हाताखालून किती वेळा गेले? तिथेच तू अडखळतेस, आणि अडखळलीस की परत पहिल्यापासून धुतेस. तो सरदार आहे तसा पुरा कर, तळाशी तारीख लिही आणि कपाटात ठेव. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा ठेवशील तेव्हा तुझी प्रगती तुला डोळ्यांनी दिसेल. धुतलेल्या पुतळ्यावर ती कशी दिसणार?

आणि एका पुतळ्यावर एकच गोष्ट शीक. सगळं एकदम सुधारायला गेलीस की काहीच सुधारत नाही आणि जीव मात्र दमतो. या सैनिकावर फक्त झग्याच्या चुण्या शिकायच्या, असं ठरवलंस तर चुण्यांवर हवा तेवढा वेळ घाल. बाकीचं चिलखत, ढाल, बूट हात आज जसा चालतो तसं रंगव आणि पुढे जा. पुढच्या सैनिकावर चेहरा, त्याच्या पुढच्यावर धातू.

चुण्यांवरून आठवलं. तुझ्या फोटोंत छाया फार लाजत लाजत येते. आपल्या दोन फुटी मूर्तीवर खोलीतला उजेडच अर्धं काम करतो. सोंडेखाली, पोटाखाली सावली आपसूक पडते. एवढ्याशा पुतळ्यावर खाचाच इतक्या उथळ की सावली पडल्याचं कळतच नाही, म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच आणावे लागतात, आणि तेही मनाला जरा जास्त वाटतील इतके. आधी काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारून वरून पांढरा फवारा द्यायची रीत तूच मला दाखवलीस. सूर्य माथ्यावर असल्यासारखा उजेड कुठे पडतो ते त्यात आधीच दिसतं. ती रीत तू हल्ली सोडलीस का? मला तर ती आपल्या अंगरंगाच्या स्प्रेगनच्या कामाच्या फार जवळची वाटते. शिवाय ज्या दिवशी डोकं थकलेलं असेल त्या दिवशी त्या पांढऱ्या-काळ्यावर पातळ रंगाचा एक हात दिला तरी सैनिक उभा राहतो. २०१९ साली आलेले ते कॉन्ट्रास्ट रंग याच कामाचे आहेत. खाचेत गडद बसतात, उंचवट्यावर फिके राहतात. ते वापरणं म्हणजे कामचुकारपणा, असं तुला कुणीतरी सांगितलंय. मी आयुष्यभर रंगात हात घातलेला माणूस म्हणून सांगतो, त्यात कसलाही कामचुकारपणा नाही.

रंग दुधाइतका पातळ कर, दोन-तीन हात दे, आणि प्रत्येक हात पुरता वाळू दे. ॲक्रिलिक वाळायच्या मधल्या चिकट अवस्थेत ब्रश फिरवलास तर खालचा थर उचलला जातो. तुझ्या त्या लाल ढालीवर खरबरीतपणा आलाय तो यामुळेच. ओल्या स्पंजावर बटर पेपर पसरून केलेलं पॅलेट तुझ्याकडे आहे, ते रोज वापर. ब्रशचंही सांगतो. बारीक काम म्हणून तू शून्याखालचे ब्रश घेत सुटलीस, पण त्यांच्या पोटात रंगच मावत नाही, तो टोकापर्यंत पोचायच्या आत वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश घे. कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या केसांचा एक चांगला ब्रश महाग पडतो, पण नीट धुतलास, रंग केसांच्या मुळापर्यंत चढू दिला नाहीस, तर पुष्कळ टिकतो. त्याचे पैसे मी देईन, हे वेगळं सांगायला नको.

डोळ्यांबद्दल आपलं अर्धवट राहिलं होतं. आमच्याकडे आखणी सर्वांत शेवटी. सगळी मूर्ती सजली, खडे लागले, मगच डोळे, आणि त्यावेळी आजूबाजूला कुणी बोलत नाही. तुमच्यात पुष्कळ जण चेहरा आणि डोळे आधी करतात, हे ऐकून मला आधी पटलं नव्हतं. पण तू ठेवून गेलेल्या डब्यातले दोन सैनिक रंगवताना त्यातलं कारण समजलं. डोळा एका बाजूला सरकला तर कातडीच्या रंगाने कडा आत आणून तो सारखा करता येतो. शिरस्त्राण आधी रंगवून बसलं की तेवढी मोकळीक राहत नाही. म्हणून मी तुला आखणीच्या परंपरेचा आग्रह करणार नाही. मात्र हात टेकवायची आमची रीत धर. दोन्ही तळव्यांच्या टाचा एकमेकींना लाव, कोपरं टेबलावर ठेव, श्वास सोडता सोडता रेघ ओढ. आणि आधी पांढरं करून त्यात काळा ठिपका देऊ नकोस. आधी गडद आडवी रेघ, तिच्या दोन्ही टोकांशी किंचित पांढरं. २८-३० मिलिमीटरच्या माणसाची पापणी वेगळी दिसत नाही, त्या गडद रेघेतच ती येते.

आता मनातलं लिहितो. मी बोटं वळत नसतानाही रंगवलं आहे, कारण चतुर्थीची तारीख पुढे सरकत नाही आणि परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर कितीतरी आधी बोटीवर चढाव्या लागतात. ते माझं पोटाचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तुझ्या सैनिकांना कुठली चतुर्थी गाठायची आहे? दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तू रंगवायचीस, एकाचा घोडा हिरवा, दुसऱ्याचा गुलाबी, आणि तासन्‌तास मान वर करायची नाहीस. त्या वेळी मी तुला घोड्याचा रंग सांगितला नाही. आजही प्रत्येक सैनिकावर काही शिकलंच पाहिजे असं नाही. मधूनमधून एखादा मनाला येईल तसा रंगव, त्याचा फोटो कुणाला पाठवू नकोस. हात दुखला, कंटाळा आला, की ब्रश धुऊन उठ. उरलेला सैनिक उद्या तिथेच असतो. आणि जे न उघडलेले खोके पलंगाखाली साठलेत ते सध्या नजरेआड ठेव, हातातलं संपेपर्यंत नवीन घेऊ नकोस. ते खोके सारखे समोर असले की काम बाकी पडल्यासारखं वाटतं.

स्पर्धेत उतरायचं असेल तर जरूर उतर. मी अडवत नाही. फक्त, जो सैनिक रंगवताना तुला सर्वांत आनंद झाला तोच ने. परीक्षकांना काय आवडेल याचा अंदाज बांधून मुद्दाम नवा रंगवायला घेऊ नकोस. आणि तिथे चांगलं रंगवणारं कुणी भेटलं तर नुसतं "कसं झालंय?" असं विचारू नकोस, "या चुण्यांत उजेड कुठे चुकला?" असं विचार. नेमकं विचारलंस तर उत्तरही नेमकं मिळेल.

आई बरी आहे. मेथीचे लाडू पाठवतेय, त्यात डिंक जास्त घातलाय.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या डब्यातला तो ठेंगणा, दाढीवाला कुऱ्हाडवाला मी घेतलाय. दाढीला खाली तपकिरी दिलाय, वर पिवळट मारला, पण टोकांना सरळ पांढरा लावला तर ती पिकलेली दिसेल अशी भीती वाटते. पांढऱ्यात थोडा पिवळा मिसळू की हाडासारखा रंग येतो तो वापरू? तुझ्या डबीवरचं नाव पुसलं गेलंय, झाकणावर फिकट ठिपका आहे तीच ना? रविवारी फोन करशील तेव्हा सांग, तोवर मी दाढीला हात लावत नाही.

तुझा,
बाबा