खांबावरचा डबा उघडून बघा

संपादक महोदय,

पावसात इंटरनेट गेलं की ‘फायबर तुटली’ म्हणून आपण मोकळे होतो. बऱ्याचदा काच शाबूत असते. दगा देतं ते तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक. काचेचा धागा जेमतेम 125 मायक्रॉनचा, ॲक्रिलेटच्या लेपासह 250. त्याला सांभाळते जेल भरलेली पीबीटीची (एक टणक प्लॅस्टिक) नळी आणि बाहेरचं काळं एचडीपीई, म्हणजे घट्ट पॉलिथिलीन. या आवरणात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक पूड) असतो आणि ऊन तोच अडवतो. नुसता काळा रंग घातलेला माल दिसायला तसाच, पण उन्हात फुटतो.

सगळ्यात जास्त हयगय होते ती जॉइंट क्लोजरमध्ये, म्हणजे केबलचे जोड ठेवायच्या खांबावरच्या डब्यात. झाकणाचे स्क्रू एका बाजूने गच्च आवळले की रबरी रिंग तिथे चेपते, समोरच्या बाजूला फट राहते. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जावेत. रिकाम्या पोर्टला, म्हणजे केबल आत घ्यायच्या भोकाला, बूच नसेल तर आधी मुंग्या, मग पाणी. हातावरचं जेल पुसायला पेट्रोल वापरतात, तेही घातक: सिलिकॉनची रिंग त्याने फुगते, पॉलिकार्बोनेटच्या डब्याला बारीक तडे जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा, एवढं पुरेसं आहे.

पाणी शिरलं तरी प्रकाश लगेच कमी होत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण जोडावर लेप काढलेला असतो. वरची स्लीव्ह (जोड झाकणारी नळी) तापवताना आत हवेचा बुडबुडा राहिला, तर ओल उघड्या काचेपर्यंत पोहोचते, तिच्यातल्या सूक्ष्म चिरा वाढतात आणि पुढे कधीतरी जरा ताण आला की जोड सुटतो. म्हणून कोल्हापुरात 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, त्याच्या वरच क्लोजर बसवावा, केबलची तोंडं खाली ठेवून.

शहरात घरात वापरायची पांढरी ड्रॉप केबल (ग्राहकाच्या घरापर्यंत जाणारी बारीक केबल) सर्रास गच्चीवरून ओढतात. पांढरे नायलॉन टाय उन्हाने कडक होऊन तुटतात, केबल लोंबते आणि क्लॅम्पवर मुडपते. साध्या जी.652डी फायबरला 30 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नये, जास्त वाकणारी जी.657ए2 साडेसात मिलिमीटरपर्यंत सोसते. मोडेमवर लाल दिवा दिसला तर आधी अशी मुडप शोधावी. टाय काळेच घ्यावेत.

शेतकरी बंधूंना एक विनंती. ऊस गेल्यावर पाचट पेटवता, तेव्हा बांधावरून केबल गेली आहे का ते बघा. पॉलिथिलीन 130 अंशांच्या आसपास वितळतं, पाचटाची आग त्याहून कितीतरी जास्त तापते. पाचट न जाळता कुजवलं, तर केबलही वाचेल आणि जमीनही.

महापालिका आणि ग्रामपंचायतींनी खांबावर केबल टाकायला परवानगी देताना तीन अटी लेखी घालाव्यात: आयपी68 दर्जाचा (धूळ-पाणी आत न शिरणारा) क्लोजर, उन्हात टिकणारं आवरण आणि प्रत्येक रिकाम्या पोर्टला बूच. पावसाळ्याआधी मे महिन्यात एकदा डबे उघडून बघण्याची जबाबदारीही त्यातच लिहावी.

– एक फायबर तंत्रज्ञ, कोल्हापूर