जड झालेल्या स्टिअरिंगविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बोट बरेच दिवस उभी राहिली की स्टिअरिंगचे चाक दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय हलत नाही आणि थोडा वेळ फिरवत राहिल्यावर किंचित सैल होते, असे तू लिहिले आहेस. त्यावरून मला काय वाटते ते सविस्तर लिहितो. पण आधी एक आग्रहाची विनंती करतो, की दोष नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत बोट पाण्यात नेऊ नकोस. जड चाक म्हणजे केवळ हातांना होणारा त्रास नव्हे. तू जितका जोर लावशील तितका ताण चाकामागच्या गिअरवर आणि केबलच्या टोकाच्या जोडावर येतो, आणि त्यांतले काही तुटायचे झाले तर ते बहुधा ऐन वळणावर तुटते, कारण सर्वांत जास्त जोर तिथेच लागतो.

नवी केबल मागवण्याचा तुझा विचार चुकीचा नाही, पण घाईचा आहे. जुन्या आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या मोटरवर, चाक जड झाले की सगळा दोष केबलला दिला जातो. प्रत्यक्षात जखडण्याच्या जागा चार असतात आणि चाक हातात धरून त्यांतली कोणती हे ओळखता येत नाही. चाक फिरले की त्यामागचा गिअर केबलच्या आतला गाभा पुढे ढकलतो किंवा मागे ओढतो. सायकलच्या ब्रेकची तार जशी आवरणातून सरकते तसाच हा प्रकार आहे, फक्त ती तार ओढण्यापुरतीच असते आणि इथे गाभ्याला ढकलावेही लागते, म्हणून तो जाड असतो. केबलच्या मागच्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा रॉड असतो, जाडी साधारण 5/8 इंच. हा रॉड मोटरच्या टिल्ट ट्यूबमधून, म्हणजे मोटर वर उचलताना ज्या आडव्या नळीभोवती ती फिरते त्या नळीतून, आरपार जातो आणि पलीकडे एका लिंकने मोटरच्या स्टिअरिंग आर्मला, म्हणजे मोटर वळवणाऱ्या दांड्याला, जोडलेला असतो. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले की रॉड सुमारे 9 इंच सरकतो. गिअर, केबल, टिल्ट ट्यूब आणि मोटर ज्या उभ्या शाफ्टभोवती वळते तो शाफ्ट, या त्या चार जागा.

तपासणी अगदी साधी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. बोट ट्रेलरवर घे, बॅटरीची तार काढून ठेव, मोटर सरळ खाली सोड आणि रॉडला मोटरशी जोडणारी लिंक सोडव. आता मोटर हाताने धरून डावीकडे-उजवीकडे फिरव. ती हलकी फिरली तर उभा शाफ्ट निर्दोष आहे. ती हातालाही जड लागली, तर नवी केबल बसवूनही चाक जडच राहील, आणि मला सर्वांत जास्त वाईट याच चुकीचे वाटते, कारण त्यात चांगली केबल फेकली जाते. शाफ्ट जड असेल तर मोटर बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवरच्या ग्रीस निपलांमधून, म्हणजे ग्रीस भरण्याच्या लहान तोंडांमधून, नवे ग्रीस भरत राहा आणि मधूनमधून मोटर हलव. जुने काळे, घट्ट झालेले ग्रीस कडांतून बाहेर येऊन त्यामागून स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत थांबू नकोस. निपल ग्रीस घेतच नसेल तर तो काढून बदल. बहुतेक वेळा निपलच तुंबलेला असतो.

मोटर हलकी निघाली तर लिंक सुटी ठेवूनच चाक फिरवून पाहा. अजूनही जड लागत असेल तर दोष टिल्ट ट्यूबमध्ये, केबलमध्ये किंवा गिअरमध्ये आहे. तू केलेल्या वर्णनावरून माझा संशय टिल्ट ट्यूबवर आहे. उभ्या राहिलेल्या बोटीत जखडणे आणि फिरवल्यावर थोडे सैल होणे हे तिचेच लक्षण आहे. या नळीत वर्षानुवर्षे ग्रीस भरले जाते, पण जुने बाहेर काढले जात नाही. त्यात पाणी आणि मीठ मिसळते, ते मेणासारखे घट्ट होते, आणि नळीचा आतला पृष्ठभाग गंजू लागला की रॉड आणि नळी यांच्यातली अगोदरच कमी असलेली फट भरून जाते. रॉड स्वतः स्टेनलेस असल्यामुळे बाहेरून चकचकीत दिसतो आणि त्यामुळेच माणूस फसतो.

खात्री करण्यासाठी केबलच्या बाजूचे मोठे नट सोडवून रॉड नळीतून पूर्ण बाहेर ओढ. तो सहज निघाला तर उत्तम. निघाला नाही तर गंज सोडवणारे तेल नळीच्या दोन्ही तोंडांतून सोडून रात्रभर मुरू दे, आणि मग लिंकच्या बाजूने पितळी तुकडा मध्ये ठेवून हलके ठोके दे. रॉडच्या टोकावर थेट हातोडा मारू नकोस, कारण टोक जरा जरी पसरले तरी ते नळीतून कधीच जाणार नाही. उष्णता द्यावी लागली तर गरम हवेची गन वापर. ज्योत मुळीच नको, कारण तिथून हातभर अंतरावर पेट्रोलची नळी असते आणि तिची वाफ डोळ्यांना दिसत नाही. इंधनाची टाकी तर हे काम सुरू करण्याआधीच बोटीतून उतरवून ठेव. यात घाई उपयोगाची नाही. तेल, उष्णता, ठोके आणि पुन्हा तेल, असे करत गेल्यास हट्टी रॉडही बहुधा सुटतो. अगदीच सुटला नाही तर केबल कापून रॉड नळीसकट काढावा लागतो, आणि तेवढे काम मात्र मोटर उतरवू शकणाऱ्या मेकॅनिककडे द्यावे.

रॉड निघाल्यावर नळी मनापासून स्वच्छ कर. नळीच्या आतल्या व्यासाहून किंचित मोठा गोल तारेचा ब्रश ड्रिलला लावून आरपार फिरव, मग रॉकेलमध्ये भिजवलेले फडके ओढ, आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेव. रॉडही बोटांनी चाचपून पाहा. त्यावर खड्डे पडले असतील किंवा तो वाकला असेल, तर केबल बदलावीच लागेल, कारण रॉड वेगळा मिळत नाही. तो गुळगुळीत असेल तर पाण्यात न धुपणारे मरीन ग्रीस रॉडला सर्व बाजूंनी चोपडून परत बसव.

ग्रीसबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेव, कारण ती जिवाशी गाठ पडणारी आहे. टिल्ट ट्यूबला ग्रीस निपल असेल तर ग्रीस गन लावण्यापूर्वी रॉड पूर्णपणे नळीच्या आत घे. रॉड बाहेर असताना ग्रीस भरले तर आतली मोकळी जागा ग्रीसने भरून जाते. पुढे रॉड आत येऊ लागला की त्या ग्रीसला जायला वाट उरत नाही, ते दाबले जात नाही, आणि स्टिअरिंग मध्येच अडकून बसते. मोटर बनवणारे आपल्या पुस्तिकांमध्ये हा इशारा ठळक अक्षरांत छापतात, तरीही ग्रीस गन हातात आली की तो विसरला जातो.

आता केबलविषयी. रॉड नळीतून पूर्ण बाहेर असताना चाक फिरव. हलके लागले तर दोष नळीतच होता आणि केबल अजून चालू शकेल. तरीही जड लागले तर केबल गिअरपासून सोडवून चाक एकटे फिरव. ते हलके असेल तर केबलच आतून गंजली आहे. आवरणाला चीर गेली असेल, ते कुठे फुगले असेल किंवा धातूच्या नळीला जिथे मिळते तिथे तांबूस डाग दिसत असेल, तर एवढा खटाटोपही करायला नको. अशा केबलमध्ये फनेल लावून तेल सोडण्याचा सल्ला तुला अनेक जण देतील. तो मानू नकोस. या केबल कारखान्यातूनच वंगण भरून बंद केलेल्या असतात. वरून सोडलेले पातळ तेल ते मूळ वंगण धुऊन नेते, काही दिवस चाक हलके भासते आणि आत शिरलेले पाणी व गंज तिथेच राहतात. बिघडलेल्या केबलला दुरुस्ती नाही, बदलणे एवढेच आहे, आणि या बाबतीत मी ठाम आहे.

नवी केबल जुन्याच लांबीची हवी. आवरणावर छापलेला क्रमांक शोध. त्याचे शेवटचे आकडे बहुधा लांबी फुटांमध्ये सांगतात. केबलचे पुढचे टोक तुझ्या गिअरच्या प्रकाराला जुळले पाहिजे, कारण गोल गिअर आणि सरळ दातेरी पट्टी यांच्या केबल वेगवेगळ्या असतात. जुनी काढताना तिच्या टोकाला मजबूत दोरी बांध, म्हणजे तिच्याच वाटेने नवी ओढता येईल. मात्र जुनी वाट चांगली होती का हेही पाहा. वळणाची त्रिज्या 8 इंचांहून कमी असेल तर नवी केबलही पहिल्या दिवसापासून जड लागेल. गिअरमध्ये खडखड किंवा मोकळा खेळ जाणवत असेल, तर केबलबरोबर तोही बदल.

धावत्या बोटीत चाक एकाच बाजूला जड लागत असेल तर वरचे काहीच लागू नाही. मोटरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याने मोटर एका बाजूला ओढली जाते, आणि ते सावरण्यासाठी पंख्याच्या वर, आडव्या पत्र्याखाली एक लहानसे पान बसवलेले असते. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्या पानाची मागची कड थोडी उजवीकडे वळवायची, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. उभ्या बोटीत चाक हलके आणि वेगात जड, अशी तक्रार असेल तेव्हा प्रथम हेच पाहा. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, स्टिअरिंगबद्दल तू विचारले आहेस. मोठ्या मोटरवर ते निश्चित सुखाचे आहे, पण तुझ्या मोटरसाठी चांगली बसवलेली केबल पुरेशी आहे, आणि उभा शाफ्ट जखडलेला असेल तर हायड्रॉलिकसुद्धा तो दोष फक्त झाकते.

जोडणी करताना लिंकवरची स्वयंबंद (आपोआप सैल न होणारी) नटे जुनी वापरू नकोस, आणि त्यांच्या जागी बाजारातली साधी नटेही घालू नकोस. ती कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच हवीत आणि पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने कसायची. ती सुटली तर मोटरवर कोणाचाच ताबा राहत नाही. मग एकाला चाकाशी बसवून तू मागे उभा राहा, चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून घे, आणि मोटर पूर्ण वर उचलूनही तेच पुन्हा कर, कारण काही वेळा केबल खाली मोकळी असते आणि वर उचलल्यावर ताणली जाते. यापुढे बोट ठेवताना चाक अशा बाजूला वळवून ठेव की रॉड नळीच्या आत राहील.

पहिली तपासणी झाली की लगेच कळव. केबल बदलावी लागणार असेल तर मागवण्यापूर्वी आवरणावरचा क्रमांक आणि गिअरचा एक फोटो मला पाठव; आपण दोघे मिळून ताडून पाहू.

तुझा स्नेही,
अविनाश