आसनात बदल करताना

महोदय,

गाडी चालवताना कंबर दुखू लागली की अनेकजण थेट जाड गादी विकत घेतात. पण त्या गादीमुळे चालक वर उचलला जातो, मांड्या स्टिअरिंगला टेकतात आणि सीटबेल्टचा कमरेवरचा भाग कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर येतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. गादी घेण्याआधी आसनाची पाठ बैठकीशी सुमारे १०० ते ११० अंशांत ठेवून, गुडघ्यामागे आसनाच्या कडेपर्यंत दोन-तीन बोटे जागा सोडून बसून पाहावे (मागच्या खिशातले पाकीटही काढावे). तरीही दुखल्यास कमरेच्या पोकळीत पातळ आधार पुरतो. आसनाच्या कडेला एअरबॅग (अपघातात फुगून बाहेर येणारी पिशवी) असल्यास मात्र घट्ट आवरण शिवून घेणे किंवा फोम कापणे धोक्याचे आहे, आणि ही सूचना आवरण विकणाऱ्यांनीच ग्राहकाला द्यायला हवी.

– एक वाचक