वायफाय राउटरबाबत सभासदांना सूचना

गेल्या रविवारी तीन घरांतले राउटर पाहिले. तिन्हींचा सेटिंगचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च! कृपया आजच बदला, फ्लॅट नंबर किंवा मुलांची नावे नकोत. वायफायच्या सुरक्षा प्रकारात (सिक्युरिटी) डब्ल्यूपीए३, नसल्यास डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून वायफायला जोडण्याची सोय, बंद ठेवा. पाहुणे, टीव्ही, कॅमेरे यांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचे पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय) द्या, म्हणजे कॅमेऱ्यातून कोणी शिरलाच तरी बँकेचे व्यवहार होतात त्या लॅपटॉपपर्यंत सहज पोचणार नाही.

रेंजची तक्रार असेल तर आधी राउटर चपलांच्या कपाटातून बाहेर काढा. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (वायफायच्या लहरींचा एक पट्टा) १, ६ किंवा ११ हेच चॅनेल (त्या पट्ट्याचा क्रमांक दिलेला भाग) ठेवा. मधले चॅनेल शेजाऱ्यांच्या वायफायलाही त्रास देतात. यूपीएस लावताना फायबरच्या वेगळ्या डब्यालाही जोडा, नाहीतर वीज गेल्यावर नेट जाणारच.

– सचिव